बीटचा रस म्हणजे शाई नव्हे: वनस्पतींच्या रंगातून लिनोकट छापायचा असेल तर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. बीट, हळद आणि जास्वंदीची फुलं वेगवेगळी उकळून रस आटवलात, त्यात बाभळीचा डिंक घातलात आणि लिनोवर, म्हणजे कोरून ठसा घ्यायच्या लिनोलियमच्या तुकड्यावर, लावलात. रोलर नुसता घसरत राहिला, रस लिनोवर थेंबाथेंबांनी गोळा झाला, कागदावर गेला तो पसरला. दोन-तीन ठसे बरे आले, पण भिंतीवर लावल्यावर महिन्याभरात तपकिरी पडले. तुम्हाला ए-फोर आकाराच्या 30 प्रती काढायच्या आहेत, 'कुठलंही रसायन न वापरता', आणि तुम्ही विचारताय की शाई दाट व्हायला आणखी काय घालू.

मैदा घाला, कॉर्नफ्लोअर घाला, डिंक दुप्पट करा, फार फरक पडणार नाही. अडचण पातळपणाची नाही. तुमच्या हातात जे आहे तो रंगीत रस आहे, आणि छापायला शाई लागते. दाट केलेला रस हा दाट रसच राहतो.

शाईत दोन गोष्टी असतात. एक, न विरघळणारी, अगदी बारीक रंगाची पूड. दुसरी, ती पूड धरून ठेवणारं आणि कागदावर चिकटून वाळणारं माध्यम, म्हणजे तेल किंवा डिंक किंवा खळ. बीटच्या रसात रंग साखरेसारखा पाण्यात विरघळलेला असतो. पाणी कागदाच्या तंतूंत जिथे जिथे शिरतं तिथे रंगही त्याच्यामागून जातो. कापड रंगवायचं असतं तेव्हा आपल्याला हेच हवं असतं. ठसा घेताना मात्र रंग रेषेच्या कडेला थांबायला हवा, आणि ते काम पूडच करते. शिवाय खरा लिनो हा स्वतःच अळशीच्या तेलापासून केलेला असतो. त्यावर पाणी ठरत नाही, अळूच्या पानावर ठरत नाही तसंच.

रंग तपकिरी पडला ही वेगळी गोष्ट आहे आणि तिचं कारणही वेगळं आहे. बीटचा रंग उजेडाने आणि उष्णतेने मोडतो. तुम्ही रस आटवलात तेव्हाच तो अर्धा गेला होता. जास्वंदीचा, गोकर्णीचा रंग आंबटात एक आणि सोड्या-चुन्याच्या पाण्यात दुसरा दिसतो, आणि कागदावर वाळला की मळकट होतो. हळद दिसायला सगळ्यांत झळाळती, पण उन्हात तिच्याइतकं लवकर विटणारं दुसरं काही मी पाहिलेलं नाही. चुना लागला की ती लाल होते, कुंकू तसंच तर करतात. म्हणून ज्या कागदात खडूची भर असते त्यावर ती थोडी नारिंगीकडे झुकू शकते. तुमची मेहनत कमी पडलेली नाही, झाडं चुकीची निवडली गेली.

मी गेली वीसेक वर्षं मुद्राचित्रं, म्हणजे ठशांनी छापलेली चित्रं, करते, त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं वनस्पतींच्या रंगात. माझी पहिली मालिका पळसाच्या फुलांच्या रंगात होती. होळीच्या सुमाराला फुलं गोळा केली, शाई केली, 20 प्रती छापल्या आणि विकल्याही. दोन वर्षांनी एका घरी जेवायला गेले तर दिवाणखान्यात माझं चित्र चहा सांडल्यासारखं फिकट पिवळं दिसत होतं. फ्रेमच्या पट्टीखाली झाकलेली बोटभर कड तेवढी केशरी राहिली होती. मी ती प्रत परत मागून घेतली आणि नवी करून दिली. तेव्हापासून उन्हाची परीक्षा दिल्याशिवाय कुठलाही रंग माझ्या हातून बाहेर जात नाही.

ती परीक्षा अगदी सोपी आहे. शाईचा पट्टा त्याच कागदावर ओढा, अर्ध्या भागावर काळा कागद किंवा अॅल्युमिनियमची फॉइल घट्ट बसवा आणि दक्षिणेच्या खिडकीत चार आठवडे ठेवा. आठवड्याला एकदा फॉइल उचलून दोन्ही भाग शेजारी बघा. पहिल्याच आठवड्यात रेघ दिसली तर तो रंग विकायच्या किंवा भेट द्यायच्या चित्रात वापरू नका, वहीत जपून ठेवायच्या चित्रासाठी हवं तर वापरा. चार आठवड्यांनी डोळे बारीक करून रेघ शोधावी लागली तर तो कामाचा.

माझ्या खिडकीत टिकलेले रंग थोडेच आहेत. सगळ्यांत वर काजळी. ती जवळजवळ शुद्ध कार्बन आहे, उन्हाचा तिच्यावर काही परिणाम होत नाही. जुन्या पोथ्यांतली आणि मोडी कागदांवरची काजळाची शाई आजही काळीभोर दिसते ती त्यामुळेच. मग नीळ. मग मंजिष्ठा या औषधी वेलीचा लाल आणि काताचा तपकिरी. हिरडा आणि लोखंड मिळून होणारा काळा-करडाही टिकतो, पण त्याची एक खोड आहे, ती पुढे सांगते. डाळिंबाच्या सालीचा मोहरीसारखा पिवळा मधल्या फळीतला. झेंडू त्याच्या खाली, पण हळदीपेक्षा कितीतरी बरा. लाखेचा लाल सुंदर असतो आणि बराच टिकतो, पण तो किड्यापासून येतो. 'वनस्पतींपासून' हा तुमचा आग्रह असेल तर तो सोडा.

आता रसाची पूड कशी करायची ते मंजिष्ठेवर सांगते, कारण तुम्हाला बीटमधून जो लाल हवा होता तो इथे मिळेल. काष्ठौषधीच्या दुकानात मंजिष्ठा काड्यांच्या रूपात मिळते. तयार चूर्ण घेऊ नका, त्यात काय मिसळलंय ते कळत नाही. 100 ग्रॅम काड्या कुटून रात्रभर साध्या पाण्यात भिजत घाला. सकाळी ते पिवळट-तपकिरी पाणी फेकून द्या, त्यात लालाला मळवणारे रंग असतात. मग दोन-अडीच लिटर ताज्या पाण्यात मंद आचेवर तासभर ठेवा. पाणी उकळू द्यायचं नाही. थर्मामीटर असेल तर 70 अंशांच्या आत, नसेल तर पातेल्याच्या तळाशी बारीक बुडबुडे धरतात पण फुटून वर येत नाहीत तिथे आच ठेवा. उकळलीत तर लालाचा विटकरी होतो. दोनदा सुती फडक्यातून गाळा. गाळताना चोथा पिळू नका, बारीक काडीकचरा खाली उतरतो आणि पुढे रोलरवर खरखर करतो.

गाळलेला रस गरम असतानाच त्यात 100 ग्रॅम तुरटी विरघळवा. रस एकदम उजळतो, केशरी-लाल होतो. दुसऱ्या भांड्यात 40 ग्रॅम धुण्याचा सोडा गरम पाण्यात विरघळवून ठेवा. खायचा सोडा नव्हे, कपडे धुण्याचा, पांढऱ्या पावडरीचा. आता मोठी बादली घ्या, मोठी म्हणजे रसाच्या चौपट मावेल एवढी, आणि सोड्याचं पाणी चमच्याचमच्याने रसात सोडा. फेस उसळून वर येतो, थांबा, बसू द्या, पुढचा चमचा. माझ्या ओट्याच्या फरशीच्या सांध्यांत अजून गुलाबी रेषा आहेत त्या पहिल्या खेपेला घाई केल्यामुळे. निम्म्यावर आलात की द्रव गढूळ होतो, मग त्यात दह्यासारखे कण दिसायला लागतात. हाच तो क्षण. तुरटीतलं अॅल्युमिनियम न विरघळणाऱ्या रूपात बाहेर पडतं आणि रंगाला धरून खाली बसतं. लिटमसचा कागद उदासीन दाखवू लागला, फेस यायचा थांबला, की सोडा थांबवा. सगळा सोडा संपवायलाच हवा असं नाही. जास्त झाला तर मंजिष्ठा जांभळट पडते.

रात्रभर निवू द्या. वरचं पाणी ओता, नवं घाला, ढवळा, पुन्हा बसू द्या. असं तीन-चार वेळा. यात क्षार धुऊन निघतात. ते राहिले तर वाळलेल्या ठशावर पांढरी बुरशीसारखी भुकटी येते. मग फडक्यात बांधून चक्क्यासारखं टांगून ठेवा. पाणी निथळलं की ताटात पसरून सावलीत वाळवा, खलात घोटा आणि बारीक चाळणीतून चाळा.

किती मिळेल? 100 ग्रॅम तुरटीतून माझ्या हाती साधारण 20 ते 25 ग्रॅम पूड येते. हे आकडे लक्षात ठेवा, कारण पातेलंभर रस बघून आपल्याला वाटतं की खूप शाई होईल. ए-फोर लिनोला एका प्रतीमागे सव्वा ते दीड ग्रॅम शाई लागते, काचेवर आणि रोलरवर वाया जाणारी धरून. 30 प्रतींना 45 ग्रॅम. निम्मी पूड आणि निम्मं तेल धरलं तर वरची एक खेप तुमच्या एका रंगाला जेमतेम पुरते. म्हणून दोन खेपा करून दोन्ही पुडी एकत्र मिसळा. एकाच मालिकेत 18व्या प्रतीनंतर छटा बदलली की फार वाईट वाटतं.

डाळिंबाची साल, झेंडू, कात यांचीही पूड याच पद्धतीने होते. साल आणि झेंडू मात्र उकळले तरी चालतात. काताबद्दल एक सांगते: पानाच्या गादीवरचा कात भेसळीचा निघू शकतो, तो कुठून आलाय हे विचारून घ्या. निळीला या सगळ्याची गरज नाही, ती मुळातच पाण्यात न विरघळणारी आहे. खरी निळीची वडी घ्यायची, घोटायची आणि तेलात घालायची. वाण्याकडे कपड्यांना द्यायची जी नीळ मिळते ती ही नव्हे, तिचा झाडाशी संबंध नाही. वडी दगडासारखी असते, कोरडी खलायला बसलात तर दिवस जातो. आधी थोड्या स्पिरिटमध्ये भिजवून घोटा. काजळी हवी असेल तर एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याचं ताट उपडं धरून जमवता येते, घरी काजळ धरायचे तशीच. पण ती पिसासारखी उडते. नाकातोंडाला मास्क बांधा आणि तीही आधी स्पिरिटच्या चार थेंबांनी बसवून घ्या.

आता 'रसायन नको' याबद्दल. तुरटी आणि सोडा ही रसायनंच आहेत, आणि त्यांच्याशिवाय झाडाच्या रसाची टिकाऊ पूड मला तरी कधी करता आलेली नाही. पण तुरटी आपण गढूळ पाणी निवळायला वापरतो, आणि धुतल्यावर जे पाणी उरतं त्यात मुख्यतः साधे सल्फेट क्षार असतात. तुमची काळजी माती-पाण्याची असेल, आणि ती योग्यच आहे, तर मोरचूद (तांब्याचं सल्फेट) आणि क्रोमची संयुगं दूर ठेवा. नैसर्गिक रंगांच्या नावाखाली मोरचूद सर्रास वापरलं जातं, आणि ते मासे आणि पाण्यातल्या जिवांना मारतं. दुसरं असं की बाजारात 'सोया' किंवा 'वनस्पतिजन्य' असं लिहिलेली शाई मिळते, तिथे ते शब्द बहुतेक वेळा तेलापुरते असतात. आतला रंग कृत्रिमच असतो. ती वाईट नाही, माझ्याकडेही आहे, फक्त काय घेतोय ते माहीत असावं.

इथवरचं जुळवून घेऊ: टिकणारं झाड निवडलं, त्याच्या रसाची पूड केली. आता ती कशात घोटायची, हे तुम्ही लिनोवर छापणार की लाकडावर, रोलरने की ब्रशने, यावर अवलंबून आहे.

लिनो आणि रोलर असेल तर तेलच हवं, आणि तेही वाळणारं. शेंगदाणा, खोबरेल ही तेलं कधी वाळत नाहीत, ठसा वर्षभराने हात लावला तरी डाग देतो. करडईचं वाळतं पण फार सावकाश. अळशीचं, म्हणजे जवसाचं, सर्वांत खात्रीचं. घाण्यावरचं साधं तेल चालतं, मात्र ते पातळ असतं. तसंच वापरलंत तर ठशाभोवती तेलाची कड उमटते. त्याला दाट करावं लागतं. कारखान्यात ते 300 अंशांच्या आसपास तापवून करतात. घरी हे कृपा करून करू नका, त्या तापमानाला तेल पेट घेऊ शकतं. आपल्याकडे त्याहून चांगलं साधन आहे, ते म्हणजे एप्रिल-मेचं ऊन. काचेच्या पसरट भांड्यात अर्धा सेंटिमीटर तेल ओता, वर काच ठेवा, काचेच्या कोपऱ्यांखाली काड्या ठेवून वारा जाऊ द्या आणि रोज एकदा ढवळा. तीन ते पाच आठवड्यांत ते मधासारखं होतं. आत्ता उन्हाळा नसेल तर चित्रकलेच्या दुकानातून स्टँड ऑइल आणा, तेही अळशीचंच असतं.

काचेवर पुडीचा ढीग करा, मध्ये आळं करून थोडं तेल, सुरीने कालवा आणि मग मुलरने, म्हणजे सपाट बुडाच्या काचेच्या बत्त्याने, आठच्या आकड्यात घोटा. एका वेळी चमचाभरच. दहा मिनिटांनी थांबू नका, अर्धा तास द्या. आधी मुलर खरखरतो, मग आवाज मऊ होतो, शेवटी तो काचेला ओढून धरतो. सुरीने शाई उचलून सोडून बघा. तार तुटायच्या आधी दोन-अडीच इंच उतरली पाहिजे, एकतारी पाकासारखी. रोलर फिरवल्यावर बारीक चरचर ऐकू आली आणि शाईवर मखमलीसारखे बारीक दाणे दिसले की झाली. जास्त चिकट वाटली तर दोन थेंब कच्चं जवसाचं तेल, सैल वाटली तर चिमूटभर खडूची पूड.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, नाहीतर निराशा होईल. या पुडी तेलात गेल्या की पारदर्शक होतात. तुरटीतून बनलेला पांढरा भाग तेलात जवळजवळ दिसेनासा होतो. त्यामुळे पांढऱ्या कागदावर रंग आतून उजळल्यासारखा दिसतो, आणि तपकिरी किंवा काळ्या कागदावर काहीच दिसत नाही. डब्यातल्या शाईसारखा झाकून टाकणारा थर मिळणार नाही. मला तर हेच यांचं सौंदर्य वाटतं. डाळिंबाच्या पिवळ्यावर निळीचा थर दिला की जो हिरवा येतो तो डब्यात मिळत नाही. अशा हिरव्यात पिवळाही टिकणारा घ्या मात्र. युरोपातल्या जुन्या विणलेल्या भिंतपडद्यांवरची झाडं आज निळी दिसतात, कारण वरचा पिवळा उडून गेला आणि खाली नीळ तेवढी राहिली.

तेल नकोच असेल तर लिनो सोडून लाकडावर या. एदो काळातल्या, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकातल्या, जपानी ठशांत तेल नव्हतंच. तांदळाची खळ, पाण्यातला रंग, ब्रशने फळीवर लावलेला, आणि ओलसर कागद हाताने घासून घेतलेला ठसा. त्यातला लाल करडईच्या फुलांचा असे, तीच करडई जी आपल्याकडे सोलापूरच्या बाजूला तेलासाठी पेरतात. त्यांचा एक निळा रानफुलाचा होता, तो इतका विटका की 1830च्या सुमाराला प्रशियन निळा हा कृत्रिम रंग हाताशी आला तेव्हा कलाकार त्याच्याकडे वळले. या पद्धतीत पूड पाण्यात घोटून ठेवायची आणि फळीवर ब्रशनेच थोड्या खळीत मिसळायची. खळ दोन दिवसांत आंबते, रोज ताजी करा.

आणि हिरडा-लोखंड. ही माझी सर्वांत आवडती पद्धत, कारण इथे शाई कागदावरच जन्मते. जाडसर हातकागद हिरड्याच्या काढ्यात बुडवून वाळवायचा, तो फिकट पिवळा होतो. हिराकस, म्हणजे लोखंडाचं सल्फेट, पाण्यात विरघळवून चिंचोक्याच्या खळीत दाट करायचं आणि फळीवर लावून ठसा घ्यायचा. कागद उचलताना ठसा जेमतेम करडा दिसतो. हातात धरून बघत राहिलात तर तो जांभळट होतो, मग सावळा, आणि दोन-तीन मिनिटांत काळा. कच्छमध्ये अजरखचे, म्हणजे तिथल्या ठशांच्या छपाईचे, कारागीर कापडावर लोखंड-गुळाच्या पाण्याने काळी रेघ छापतात, तिथलंच हे नातं. खोड म्हणाले होते ती अशी: लोखंडाचं प्रमाण जास्त झालं तर ते आंबट होऊन वर्षांनी कागद खातं. हिराकस चमच्याने नव्हे, वजनाने घ्या, अर्ध्या लिटर खळीला 5 ग्रॅमपासून सुरुवात करा आणि जेवढ्यात काळा येईल तेवढ्यावर थांबा.

तुमच्या 30 प्रतींसाठी मी असं करेन. लिनो कोरून झालेलाच आहे, तर तेलाचाच मार्ग. मंजिष्ठेच्या दोन खेपा, एकच रंग. दुसरा रंग हवाच असेल तर काजळी. ती वाळायला वेळ लावते, म्हणून ती शेवटी छापा. लवंगेचं तेल घालायचा सल्ला कुणी देईल. पाण्यातल्या शाईला बुरशी लागू नये म्हणून ते ठीक आहे, पण तेलाच्या शाईत ते वाळणं लांबवतं. उन्हाळ्यात ठसा आठवड्याभरात वाळतो, पावसाळ्यात तीन आठवडे लागतात. पुसायला रॉकेल नको, खाण्याचं तेल फडक्यावर घेऊन रोलर आणि काच पुसा आणि मग साबण. फक्त जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात कधीही टाकू नका. ती आपोआप तापून पेटतात, अगदी खरोखर. पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवा किंवा अंगणात एकेक पसरून वाळवा.

पहिला बरा ठसा आला की त्याच्या मागे पेन्सिलीने लिहा: मंजिष्ठा कुठून आणली, किती ग्रॅम, सोडा किती लागला, कुठलं तेल, कुठली तारीख. त्यातलाच एक ठसा कापून अर्धा खिडकीत लावा. बाकीच्या 29 प्रती द्यायच्या आधी त्याला चार आठवडे द्या.